प्लीजमास्तर

आमच्या भावजींनी एका इंग्रजी शब्दावर अख्खा श्रावण घालवला होता. शब्द केवढा, तर प्लीज. जव्हारला दरबारच्या शाळेत ते इंग्रजी शिकवायचे. बाकीचे मास्तर धडेच्या धडे उरकत पुढं पळायचे आणि हे आपले एका शब्दाला धरून बसलेले. गावानं त्यांना प्लीजमास्तर म्हणायला सुरुवात केली ती काही उगीच नाही. ते माझे धाकटे दीर. माझे यजमान दरबारच्या कचेरीत कारकून होते, भावजी आमच्याकडंच राहायचे, आणि वर्गात जे शिकवलं ते संध्याकाळी चुलीपुढं बसून मला पुन्हा शिकवायचे. मी म्हणायची, "भावजी, इंग्रजी येऊन माझी भाकरी काय जास्त फुगणार आहे का?" पण ऐकतंय कोण.

त्यांचं म्हणणं असं, की अर्थ पाठ केला म्हणजे शब्द आला असं होत नाही. तो कुठं, कुणाशी, कशा आवाजात बोलायचा ते कळलं पाहिजे. "वहिनी, पुस्तकात दिलंय, प्लीज म्हणजे कृपया. पण आपण तोंडानं कधी कृपया म्हणतो का?" मी म्हटलं, "मी तर नाही म्हणत. ते राहू द्या, तेवढी दोन लाकडं फोडून द्या की." तर हे मांडीवर थाप मारून हसले. "बघा, 'तेवढी' म्हणालात, वर 'की' म्हणालात. झालं आपलं प्लीज." मग लाकडं फोडतानाही तेच चालू. कुणी 'जरा' म्हणतं, कुणी 'ना' लावतं, आई लेकराला 'माझं बाळ ते' म्हणून काम सांगते, तेही प्लीजच म्हणे.

त्याच शब्दाचा दुसरा अर्थ खूश करणं. "देव नारळानं प्लीज होतो," असं त्यांनी मला समजावलं. मी विचारलं, "आणि सासूबाई?" भावजींनी जरा विचार केला आणि म्हणाले, "आईला हा शब्द लागू पडत नाही." सासूबाई तिकडं गावी, पोशेऱ्याला शेतावर, म्हणून एवढी हिंमत.

त्यांच्या वर्गात मुलं थोडीच, आणि त्यातली बरीचशी पाड्यांवरची. सूर्यमाळचा सोमा तर आमच्या ओटीवरच राहायचा. रोज एवढं चालून येणार कसा? गोरा साहेब शिपायालासुद्धा प्लीज म्हणतो, हे भावजींनी सांगितलं तेव्हा वर्गाला खरंच वाटेना म्हणे. मग सोमा उठून म्हणाला, "गुरुजी, आमच्यात कोनी मागत नाय. जायाचा नी बसायचा. मंग घरवालाच इचारतो, कसा काय आलास." भावजींनी हे मला मोठ्या कौतुकानं सांगितलं. आमच्या पोशेऱ्यालाही रीत तीच. आलेला माणूस पावसाचं बोलेल, नागलीच्या पिकाचं बोलेल, गुराढोरांचं बोलेल, पण घरधन्यानं विचारल्याशिवाय कामाचं काढायचा नाही. आधीच मागणं म्हणजे समोरच्याला मन नाही असं धरून चालणं. आमचे सासरे त्या बाबतीत फार कडक होते.

त्याच वर्षी दरबारात नवे कारभारी आले. देशावरचे, शिकलेले, स्वभावानंही वाईट नव्हते. त्यांनी इंग्रजीचा वर्ग बंद करायचं काढलं. मुलं थोडी, ज्यांना हवं त्यांनी नाशकाला जावं. आता कारकुनांची मुलं जातील नाशकाला. सोमा कुठून जाणार? हेडमास्तर भावजींना म्हणाले, "हुकूम अजून निघालेला नाही. घरी जाऊन भेटा, दोन शब्द बोला, ऐकतील ते." भावजी उजळ टोपी घालून गेले आणि चहा पिऊन परत आले.

"मागितलंत?" मी दारातच विचारलं.

"त्यांनी विचारलंच नाही, का आलात म्हणून."

मी कपाळावर हात मारला. "अहो भावजी, तिकडं देशावर घरी आलेल्याला काम विचारणं म्हणजे त्याला वाटेला लावणं. ते बिचारे भिडेनं गप्प, तुम्ही रीतीनं गप्प. सरळ सांगा ना, वर्ग ठेवा म्हणून. एवढा श्रावणभर घोकलात तो शब्द कशाला?" त्यांना पटलं. पुन्हा गेले. पुन्हा नागलीचं, पावसाचं बोलून आले. ओटीवर टोपी हातात घेऊन बसले आणि म्हणाले, "शब्द तोंडाशी आला होता, वहिनी. पण बाबांच्या घरात वाढलोय हो मी."

हुकूम निघाला. पुढं कचेरीत कारभारी माझ्या यजमानांना म्हणाले, "तुमचे बंधू फार सभ्य. मला वाटलं होतं वर्गासाठी हट्ट धरतील. धरला असता, तर मी ठेवलाही असता." हे ऐकून मला जी हळहळ लागली ती आजतागायत गेलेली नाही. बाई माणूस कारभाऱ्यांच्या दिवाणखान्यात जाणार कशी, नाही तर मीच गेले असते. भावजी त्यानंतर जन्मभर लहान मुलांना बाराखडी शिकवत राहिले. छान शिकवायचे, मुलांचा जीव त्यांच्यावर. पण चुलीपुढचं इंग्रजी संपलं. मी मुद्दाम विषय काढला तरी म्हणायचे, "राहू द्या, वहिनी."

हुकूम निघाला त्याच आठवड्यात सोमाचा बाप आला. सूर्यमाळहून चालत, खांद्यावर नागलीची पुरचुंडी. अंगणात बसला. झरा आटत चालल्याचं बोलला, रानाचं बोलला, एका म्हशीचं बोलला. भावजी हं हं करत राहिले. तो थांबला होता भावजींनी विचारावं म्हणून, आणि भावजींना विचारवत नव्हतं. मी दाराआड उभी. ऊन अंगणातून ओटीवर चढलं तरी दोघं तसेच. शेवटी भावजींनी जमिनीकडं बघत विचारलं, "कसा काय आलास, बाबा?"

त्यानं भावजींच्या तोंडाकडं नीट पाहिलं. मागायलाच आला होता तो, माझ्या पोराचं शिक्षण तोडू नका म्हणून. एवढी वाट दुसऱ्या कशासाठी कोण तुडवतो? पण ते तोंड बघून त्यानं मागणं गिळलं.

"काय नाय, मास्तर. पोराला न्याया आलो."

सोमाचं गाठोडं भावजींनी स्वतः बांधलं. बापलेक वळणाआड गेले, तरी हे अंगणात उभेच. मी बोलवायला गेले तेव्हा मला म्हणाले, "वहिनी, त्यानं मागायला हवं होतं हो. एकदा मागितलं असतं, तर मी अजूनही कारभाऱ्यांच्या दारात जाऊन पडलो असतो."

मला त्यांचा इतका राग आला आणि त्यांच्यासाठी इतकं वाईट वाटलं, की मी तडक आत जाऊन चुलीपाशी बसले.