ते कुणीच लिहिलं नव्हतं

हे मी कुणाला सांगितलेलं नाही — सख्ख्या बहिणीलासुद्धा नाही. तुम्हाला सांगते.

साताऱ्यात कॉलेजात शिकवत होते तेव्हा मेढ्याहून एक सुभेदार दर गुरुवारी दुपारी एसटीनं माझ्याकडे यायचे. रिटायर झालेले, बायको वारलेली. शिलाँगला पोस्टिंग असताना एका पाद्र्यांनी त्यांना लॅटिन शिकवलं होतं. मी मुंबईला लॅटिन शिकलेली, पण सोबत वाचायला — कोण होतं साताऱ्यात? आम्ही दोघं वाचायचो. आधी युद्धाचं महाकाव्य, मग त्यानंतरच्या कवीच्या देवादिकांच्या गोष्टी, ज्यात माणसांची झाडं-पाखरं होतात. नंतरच्यानं आधीच्याकडून काय घेतलं, यावरच माझा प्रबंध चालला होता. किती वर्षं — विचारू नका.

एका गुरुवारी वही उघडून ते म्हणाले, "मॅडम, आधीच्यानं शिपाई मरताना जे शब्द वापरल्यात, तेच ह्यानं पाखरू होणाऱ्या बाईला दिल्यात. म्हंजे ती नुसती बदलत न्हाई — मरतीया. मी माणसं अशी जाताना बगितल्यात."

मी दोन्ही ओळी पाहिल्या. बरोबर होतं. आणि ते माझ्या नजरेतून सुटलं होतं. आनंद व्हायला हवा होता ना मला? मी म्हणाले, "यात नवीन काही नाही. शंभर वर्षांपूर्वीच एकानं लिहून ठेवलंय."

खोटं होतं. असं मी कुठेच वाचलं नव्हतं. नंतर खूप शोधलं, तरी सापडलं नाही.

त्यांनी वही मिटली, चहा संपवला. त्यानंतर दोन-तीनदा आले — वहीशिवाय. मग येणंच थांबलं. गुरुवारी मी दार उघडं ठेवायचे. प्रबंध तिथेच राहिला. पुढे माझी सांगलीला बदली झाली, तरी गुरुवारची दुपार मला अजून जड जाते.

गेल्या वर्षी ते सातारा स्टँडवर भेटले. फार थकले होते. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "त्यो शंभर वर्सांमागचा माणूस — त्याला बी तेच दिसलं हुतं. मेढ्यात ह्यातलं बोलायला कोण हाय? लय एकटं वाटलं की मी त्याला आठवतो. नाव काय वं त्याचं?"

आठवत नाही, म्हणाले मी. आठवलं की कळवा, ते म्हणाले, आणि फोन नंबर लिहून दिला.

सांगलीची गाडी लागली. मी चढले. तो नंबर माझ्याकडे आहे. मी फोन केलेला नाही.