आबांचं संगमरवरी टेबल आणि माझा सिरका

आमच्या घरात देवाखालोखाल मान एका टेबलाला होता.

हे गोल, पांढरंशुभ्र टेबल आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एका जुन्या बंगल्याच्या लिलावात घेतलं होतं. त्यावर कुणी कप टेकवायला गेलं की आबा आधी खाली बशी सरकवत. (आम्हा भावंडांना त्यांनी इतकं जपल्याचं आठवत नाही.)

त्या रविवारी गारगोटीचे पाहुणे माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, बघायला आले. मुलगा तिने आधीच एका लग्नात पाहिला होता आणि तो तिच्या मनात भरला होता. सकाळीच तिने मला दम भरला होता, "ही सोयरीक मोडली न्हवं, तर तुझं जेवान बंद!" मी तेव्हा कॉलेजात रसायनशास्त्र शिकत होतो आणि कुणी न विचारता शिकवतही होतो.

पोहे झाले, अक्का आत गेली. तेवढ्यात मुलाच्या वडिलांनी टेबलावर टिचकी मारली.

"सिमेंटचं हाय न्हवं?"

आबा ताठ झाले. "पावणं, अस्सल मार्बल हाय!"

"आमच्या पंचायतीत बी असलंच हाय की. सिमेंटचं!"

"म्हंजे मी खोटं बोलतोय व्हय?"

आबांचा आवाज चढला. आता सोयरीक टेबलापायी मोडणार! दाराआडून अक्काचे डोळे माझ्यावर रोखलेले दिसले आणि मी उठलोच.

"भांडताय कशाला? संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. त्यावर आम्ल पडलं की बुडबुडे येतात. खरं असेल तर फसफसेल!"

शेजारच्या हसीनाचाचींकडून कांद्यात घालायचा सिरका, म्हणजे व्हिनेगर, आणला आणि टेबलावर ओतला. सगळे वाकले. चार बुडबुडे आले, तेही नाइलाजाने.

"सिमेंटच हाय," पाहुणे म्हणाले.

"सिरका सौम्य असतो हो!" मी लिंबू पिळलं. बुडबुडे आठ झाले. पाहुणे मिशीत हसले. मग मात्र विज्ञानाची अब्रू राखायला मी मोरी धुवायच्या ॲसिडची बाटलीच आणून उपडी केली.

फस्स्स!

काय तो फेस! आबा आनंदाने ओरडले, "बघा! अस्सल हाय का न्हाय?" पण फेस टेबलावर थांबेना. तो कडेवरून ओघळून खालच्या शहाबादी फरशीवर पडला, आणि फरशीही फसफसू लागली!

पाहुण्यांनी पाय वर घेतले. "मग तुमची फरशी बी मार्बलच म्हणायची की!"

आता यांना कोण सांगणार, की शहाबादी फरशीही चुनखडीचीच असते! मी आत ओरडलो, "आई, खायचा सोडा आण! सोड्याने आम्ल मरतं!" खरंच मरतं. पण मरताना दुप्पट फसफसतं, हे घाईत विसरलो. आईने डबाच ओतला. फेस घोट्यापर्यंत (असं आबा पुढे सांगत, होता चार बोटं), डोळ्यांना झोंबणारा वास, सगळे खोकतायत, आणि आबा ओरडतायत, "भाईर चला, भाईर!"

सगळे अंगणात आले. नाकाला पदर लावून अक्काही आली आणि नेमकी मुलाशेजारी उभी राहिली.

मुलाने डोळे पुसत विचारलं, "तुमचा भाऊ रोज असंच करतो?"

"न्हाय. पावणं आल्यावरच."

मुलगा पोट धरून हसला. तो हसला तसे त्याचे वडीलही हसले आणि आबांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "पोरगी पसंत हाय! टेबल बी अस्सल हाय! पोरगं तेवढं तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या!"

मला इतका आनंद झाला की अपमान कळायला जेवणाची वेळ झाली.

टेबलाच्या मधोमध बशीएवढा खरबरीत खळगा पडला होता. मला वाटलं, आबा मला घराबाहेर काढणार. पण पुढे आल्यागेल्याचा हात धरून ते त्यावर फिरवत आणि सांगत, "अस्सल हाय. पोरानं ॲसिड वतून बघितलंय!"

पुढे मी रसायनशास्त्राचा प्राध्यापक झालो, शेकडो मुलांना आम्लं शिकवली. अक्काने गारगोटीला घर बांधलं, माजघरात संगमरवरी फरशी बसवली. तिथे गेलो की माझा मोठा मानपान होतो. फक्त जेवताना सगळ्यांच्या ताटात लिंबाची फोड असते, आणि माझ्या ताटावर मात्र अक्का स्वतः लिंबू पिळून साल परत घेऊन जाते.