टाकीतल्या प्रियकराला राखी

अन्याय माझ्या मैत्रिणीवर झाला. गेल्या गॅदरिंगच्या दुसऱ्या दिवशी, पाहुण्यांनी कॉलेजच्या वार्षिकांकाची रिबीन सोडली त्याच क्षणी. टाळ्या आम्हीच वाजवत होतो, हे जास्त झोंबतं.

ती सोलापूरच्या भवानी पेठेतली. घरात तेलुगू, खाली टॉवेलचे माग, वर गच्ची, गच्चीवर पाण्याची काळी टाकी. तिथंच तिनं मला आपली मराठी कथा वाचून दाखवली, मागांच्या खडखडाटावर आवाज चढवून. कथेत परग्रहावरच्या एका पोराचं यान बिघडतं आणि तो अशाच एका टाकीत येऊन पडतो. अख्खं विश्व मोकळं असताना सोलापुरात, जिथं नळाला चार-पाच दिवसांआड पाणी! त्याला हात नाहीत, पाय नाहीत, अंग शेवाळी आणि आरपार. बीएस्सीला शिकणारी नायिका रोज पाण्यावर तळवा ठेवते, पाणी कोमट होतं. बस, एवढंच त्यांचं प्रेम. शेवटी टाकी आटत जाते, त्याला निघावंच लागतं. ती वाकते, पाण्याला ओठ टेकवते. पाणी थरथरतं. संपलं.

मी पत्रकं लिहिणारी पोरगी. बसचे पास, हॉस्टेलचं जेवण, असल्या गोष्टींवर भांडते. प्रेमकथा मला पचत नाहीत. तरी ही मी तिला पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावली. मग म्हटलं, "लई भारी हाय की गं."

"खरं बोल. मस्का लावू नको."

खरंच बोलत होते. दोघी मिळून संपादक सरांकडं गेलो. सरांनी शेवटचं पान दोनदा वाचलं.

"ओठ टेकवले म्हणजे?"

"पाण्याला, सर," ती म्हणाली.

"आणि पाण्यात कोण आहे?"

"तो."

"मग!" सर खुर्चीत मागं टेकले. "बरं, हा मुलगा कुणाच्यातला?"

"सर, परग्रहावरचा आहे."

"ते कळलं गं बाळा. पण वाचणारे विचारणारच ना, कुणाच्यातला म्हणून."

मी म्हटलं, "शेवाळ्यातला लिहू का, सर?" मला बाहेर थांबायला सांगण्यात आलं. तिला सांगितलं, किरकोळ दुरुस्त्या करून घेऊ.

ती किरकोळ दुरुस्ती छापून आली ती अशी: "तिने त्याच्या उजव्या मनगटावर राखी बांधली. तो म्हणाला, ताई, मी पुन्हा येईन."

मनगट! सगळी कथा बिनहाताचा पोरगा, आणि शेवटच्या पानावर राखीपुरता त्याला हात फुटला. शेजारी चित्र होतं, त्यातही हात नव्हता. चित्रवाल्याला बिचाऱ्याला कुणी कळवलंच नसावं.

कॅन्टीनमध्ये पोरांना आठवडाभर पुरलं. "काय गं, आमचा दाजी म्हणता म्हणता भाऊ झाला की!" सरांना कुणी हसलं नाही. कसं हसतील? कथेखाली नाव तिचं. वडिलांनी अंक कौतुकानं मागावरच्या सगळ्यांना दाखवला. त्यातला एक जण वाचून तिच्यादेखतच म्हणाला, "हात न्हाय म्हणून हिनंच लिवलंय की. एवढंबी ध्यानात राहिलं न्हाय व्हय?" वडिलांनी अंक घडी करून ठेवून दिला.

मी सरांना गाठलं. म्हणाले, "मी प्रेम काढलं का? फक्त पवित्र केलं."

"मग तुमच्या लग्नात हार कशाला घातले, सर? राखीच बांधायची की."

हे मी बोलायला नको होतं, असं सगळे म्हणतात. मला तसं अजून वाटलेलं नाही. सर लाल झाले. "ज्याला आमच्या दुरुस्त्या पटत नाहीत, त्याने अंकात लिहू नये."

तिनं ते मनावर घेतलं. तिची दुसरी कथा अर्धी झाली होती, मंगळावरून सांगोल्याच्या डाळिंबाच्या बागेत उतरलेल्या पोरीची. ती तशीच पडून आहे. विचारलं की म्हणते, "पुरी करून काय करू? हिलाबी कुणाची तरी ताई करतील."

आता यंदाच्या अंकाचं आवाहन जिन्यापाशी लागलंय. नवोदितांना संधी, म्हणे. तर तुम्ही, हे वाचणाऱ्यांनी, कविता, लेख, प्रवासवर्णन, एक ओळसुद्धा द्यायची नाही. तिचा खरा शेवट तिच्या नावासह छापू, आणि खोटा कुणी लिहिला तेही छापू, असं सर वर्गात येऊन सांगेपर्यंत नाही. आधीच देऊन बसला असाल, तर आजच जा आणि परत मागा.