वहिनींच्या नाटकातला गाडीचा आवाज

"गाडी बंद कर! अरं ए शाण्या, गाडी बंद कर आधी!"

स्टेजमागच्या पडद्याच्या फटीतून मुंडकं घालून दादा बोंबलत होता आणि मी गाडीवर बसून, मान डोलावत, अ‍ॅक्सिलेटर आणखी पिळत होतो. पलीकडून टाळ्या, शिट्ट्या, आरोळ्या! कलाकाराला टाळ्या पडल्या की सख्ख्या भावाच्या पोटात दुखणारच, असं मनाशी म्हणून मी त्याला माफ केलं. (मी मोठ्या मनाचा माणूस आहे.)

मी तिथं काय करत होतो ते आधी सांगतो, म्हणजे दोष कुणाचा ते तुम्हीच ठरवा.

आमच्या गल्लीनं यंदा कला महोत्सव भरवला. कुस्तीच्या तालमीच्या भिंतीवर भलामोठा कागद लागला, 'सहभागी व्हा!' गायन, चित्र, निवेदन, नाटक, खुर्च्या मांडणे; ज्याला जे येतं त्यापुढं त्यानं नाव लिहायचं. मी सगळ्यांपुढं लिहिलं. शिरोलीच्या फाउंड्रीत अठरा वर्षं मशिनवर आवाज चढवून बोलल्यामुळं माझा गळा तयार आहे. पण समूहगानात मी पहिली ओळ उचलली आणि बाकीचा समूह कानात बोटं घालून खाली बसला. मग भिंतीवर पन्हाळा रंगवायला घेतला. एक म्हातारे पावणं बराच वेळ बघत उभे राहिले आणि म्हणाले, "साखर कारखाना झ्याक काढलायसा!" निवेदनाच्या चाचणीत मी पाहुण्यांचा परिचय करून देत होतो, तेवढ्यात पाहुणे चहा पिऊन घरी गेले. राहता राहिल्या खुर्च्या. त्या मी दोनशे मांडल्या, सगळ्यांची पाठ स्टेजकडं! (माणसं रस्त्याकडून येणार, मग खुर्चीचं तोंड रस्त्याकडं नको?)

तेव्हा वहिनींना माझी दया आली.

वहिनी म्हणजे दादाची बायको. माहेर गडहिंग्लज. बावीस वर्षं पहाटे चारला उठून आमच्या सहा म्हशींच्या धारा काढतात. या बाईनं घरात कुणाला पत्ता न लागू देता, जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर एकपात्री नाटक लिहिलं होतं. एक बाई नवऱ्याचं ताट वाढून वाट बघत बसलीय. बाहेर गाडी वाजते. ती धावत दाराशी जाते. गाडी पुढं निघून जाते. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा गाडी वाजते आणि ती उठत नाही. गाडी थांबते, सगळं शांत होतं, आणि ती तेच ताट स्वतःपुढं ओढून जेवायला लागते. संपलं! वाचल्यावर मला दहा मिनिटं शब्द फुटेना. (घरच्यांनी लगेच विचारलं, असं आणखी काही लिहिलंय का.)

वहिनी जन्मात पहिल्यांदा स्टेजवर चढणार होत्या आणि ते बघायला त्यांचे वडील गडहिंग्लजहून यायचे होते. सगळं नाटक त्या शेवटच्या शांततेवर उभं.

"भावजी, तीन वेळा गाडीचा आवाज, बास," वहिनी म्हणाल्या. "मोबाईलवर हाय. तेवढा लावा."

"वहिनी, कलेत खोटं चालत न्हाय! दादाची खरी गाडी आणतो."

"नको हो!"

"तुमी अभिनयाचं बघा, आवाजाचं माझ्यावर सोडा."

"त्याचंच भ्या वाटतंय."

आता त्या गाडीविषयी. दिवाळीत आमच्या कोल्हापुरात म्हशींची शिंगं रंगवून त्यांना गाडीमागं पळवतात. म्हैस मालकाचं तोंड बघत नाही, गाडीचा आवाज ओळखते. आमची हरणी (नाव हरणी, अंग रोडरोलरचं!) याच गाडीच्या फटफटीवर तयार झालेली. तिला तयार कुणी केलं? मीच! दोन महिने, रोज पेंड दाखवून! आणि हे मी साफ विसरलो. नाटकाची तालीम दुपारी व्हायची, तेव्हा हरणी नदीत डुंबत पडलेली असायची. त्यामुळं आठवण करून द्यायला कुणी नव्हतं.

प्रयोग संध्याकाळी. स्टेज म्हणजे तालमीसमोरचा सिमेंटचा कट्टा, एका बाजूला हातगाडी चढवायचा उतार. मी गाडी घेऊन पडद्यामागं. पहिला आवाज दिला. चौकापलीकडच्या गोठ्यात हरणीनं कान टवकारले म्हणे. दुसऱ्या आवाजाला खुंटा हलला. तिसऱ्या आवाजाला खुंटा निघालाच, तो थेट हरणीच्या गळ्यातल्या दाव्याला लोंबकळत चौकात आला!

पडद्यामुळं मला काही दिसत नव्हतं. कानावर आल्या त्या आधी किंकाळ्या, मग पडणाऱ्या खुर्च्या, मग टाळ्या. मला वाटलं, लोकांनी माझा आवाज डोक्यावर घेतला! रसिकांचा मान ठेवायला मी आणखी पिळला. हरणीच्या लेखी आवाज स्टेजमागून येत होता, म्हणजे सरळ रस्ता स्टेजवरून. दोनशे माणसांनी तिला क्षणात वाट दिली (मंत्र्याला देत नाहीत अशी!) आणि ती उतारावरून ऐटीत स्टेजवर चढली. तेव्हाच दादा बोंबलत आला.

मी गाडी बंद केली. आणि सगळं शांत झालं, नाटकात लिहिलं होतं अगदी तसं.

आवाजच बंद म्हटल्यावर हरणीला पुढं कुठं जायचं कळेना. ती स्टेजच्या मधोमध उभी. मी गाडीवरून उतरून फटीतून बघितलं. बावीस वर्षांत बाई एकदा स्टेजवर चढली, आणि मी तिच्यापुढं म्हैस आणून उभी केली!

वहिनी उठल्या नाहीत. ताटापुढं बसल्या होत्या तशाच बसून राहिल्या, हरणीकडं बघितलं आणि नाटकातल्या बाईच्याच आवाजात म्हणाल्या, "आलीस? तूबी गाडी वाजली की पळत येतीस व्हय गं?"

हरणीनं ताटाकडं मान वळवली.

"कोण आलंय ते तरी बघतीस का? माझंबी तसंच की. बावीस वर्षं झाली." नवऱ्यासाठी वाढलेल्या ताटातली भाकरी त्यांनी उचलली, मोडली, अर्धी हरणीपुढं धरली. "घे. आजपास्नं दोघींनीबी न्हाय पळायचं."

उरलेली अर्धी त्यांनी स्वतः खाल्ली. सावकाश, शेवटच्या घासापर्यंत. दोनशे माणसं ते जेवण बघत होती आणि एक जण खोकला नाही!

मग जो काही गजर झाला, तो पन्हाळ्यावर ऐकू गेला असणार. वहिनींचे वडील खुर्चीवर उभे राहून टाळ्या वाजवत होते. (खुर्ची रस्त्याकडं तोंड करूनच होती.) मीही वाजवत होतो, डोळे पुसत.

"हे तालमीत नव्हतं," शेजारी दादा हळूच म्हणाला.

"नव्हतं."

"मग बावीस वर्षं कुणाला म्हणाली?"

"हरणीला."

"हरणी सा वर्षाची हाय," दादा म्हणाला आणि गाडीपासून चार पावलं लांब जाऊन उभा राहिला.

पहिलं बक्षीस वहिनींना. म्हशीची कल्पना फार खोल आहे, असं परीक्षक म्हणाले. हे ऐकून माझी छाती फुगली आणि गर्दी पांगल्यावर मी वहिनींना गाठलं.

"वहिनी, हिशेबानं बघा. माझी गाडी नसती तर हरणी नसती, हरणी नसती तर ते वाक्य नसतं. म्हणजे निम्मं नाटक माझंच की! मग फुडच्या वर्षी मला काय काम देताय?"

वहिनी हरणीचं दावं हाताला गुंडाळत होत्या. मागं वळूनही न बघता म्हणाल्या,

"ह्या वर्षीचं कुठं संपलंय? स्टेजवर शेण पडलंय, तेवढं काढा."