बिल्ल्याशिवाय किल्ली नाही

त्या कॉलेजात लोक तीन गोष्टींना टरकून असत: परीक्षा, प्राचार्यांचं बोलावणं आणि टूलरूमच्या खिडकीतल्या मावशी. परीक्षा वर्षातून दोनदा यायची, बोलावणं कधीमधी यायचं. मावशी मात्र रोज सकाळी साडेआठला हजर.

त्यांना सगळे बिल्लेमावशी म्हणत. वर्कशॉपच्या एका टोकाला जाळीची खिडकी, खिडकीला रुंद फळी आणि आत भिंतभर खिळे. एकेका खिळ्यावर एकेक हत्यार. शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला पितळेचे पाच बिल्ले मिळत, त्यांवर त्याचा नंबर ठोकलेला. बिल्ला द्यायचा, हत्यार घ्यायचं. हत्यार परत आलं की खिळ्यावरचा बिल्ला परत. एकदा खुद्द प्राचार्य चष्म्याचा स्क्रू घट्ट करायला बारीक पेचकस मागायला आले. मावशींनी हात पुढे करून विचारलं, "बिल्ला?" प्राचार्यांनी निमूटपणे मनगटावरचं घड्याळ काढून दिलं, आणि दुपारभर ते पेचकसाच्या खिळ्यावर लटकत राहिलं. त्यानंतर कुणाची हुज्जत घालायची छाती झाली नाही.

हे कॉलेज पोरासोरांचं नव्हतं. दिवसभर गाडी चालवून संध्याकाळी वेल्डिंग शिकणारे, पोरं शाळेत पाठवून शिवणयंत्र दुरुस्ती शिकणाऱ्या, नोकरी गेलेले, नोकरी न मिळालेले, असे सगळे एका छपराखाली. तिथे नावांपेक्षा नंबर चालत. एकाच नावाचे चौघे निघत, एका नंबरचे दोघे निघत नसत. वहीत, नकाशावर, मोडलेल्या हत्याराच्या चिठ्ठीवर, जो तो आपला बिल्ला लिहायचा. मावशीही "बिल्ला १" एवढंच लिहीत. तो आधी त्यांच्या नवऱ्याचा होता.

नवरा तिथलाच टर्नर, लेथ शिकवणारा. लेथ म्हणजे लोखंडाचा तुकडा गरगर फिरवत कापायचं यंत्र. तो तुकडा पकडून ठेवणाऱ्या भागाला चक म्हणतात, आणि चक आवळायला हातभर दांड्याची लोखंडी किल्ली असते. आवळून झालं की किल्ली काढायची, मगच लेथ सुरू करायचं. एका शिकाऊ माणसानं किल्ली चकातच विसरून बटण दाबलं. किल्ली सुटली ती समोर उभ्या मास्तरांच्या कानशिलावर. एक डोळा गेला, तोल गेला. पुढची नऊ वर्षं ते घरात भिंत धरून चालले आणि दहाव्या वर्षी गेले. घर चालवायला मावशींना टूलरूममध्ये नोकरी मिळाली. म्हणजे ज्या किल्लीनं घर मोडलं ती किल्ली रोज सकाळी स्वतःच्या हातानं खिडकीतून बाहेर द्यायची. कुठलंही लेथ घुरघुरलं की मावशी आतून ओरडत, "किल्ली घरी?" शिकणारे चेष्टेनं कँटीनमध्येही चमचा उचलला की एकमेकांना विचारत, "किल्ली घरी?" मावशींना त्या चेष्टेचा राग येई, आणि कुणी विचारायचं विसरलं तर त्याहून जास्त.

नुसतं ओरडून भागत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तोड सापडली ती फ्रिजच्या दारात. घरी त्या आणि त्यांची नणंद, दोघीच राहत. एकदा नणंद फ्रिज उघडा टाकून गप्पा मारत बसली, तेव्हा मावशींचं लक्ष दाराच्या कडेच्या बटणाकडे गेलं. बटण दाबलं की दिवा बंद, सोडलं की चालू. त्यांनी ते बटण उचकटून कॉलेजात नेलं. मग महिनोन्महिने खटपट. शेवटी चार नंबरच्या लेथवर एक खुंटी बसली. किल्ली खुंटीवर टांगली की तिच्या वजनानं खुंटी खाली येते, बटण सुटतं आणि लेथ चालतं. किल्ली उचलली की स्प्रिंग खुंटीला वर ढकलते, बटण दाबलं जातं आणि लेथ ठप्प. किल्ली घरी आल्याशिवाय लेथ चालणारच नाही. तिकडे घरी नणंद काळोखात चाचपत दही समजून लोणचं काढत होती.

"वहिनी, नसते उद्योग आहेत हे तुझे," ती म्हणाली. पण नवीन बटण काही तिनं आणलं नाही.

आता उद्योगाचं निघालंच आहे तर त्या केंद्राबद्दल सांगायला हवं. कॉलेजच्या वाचनालयातली कपाटं एका सुट्टीत बाहेर निघाली आणि आत "नवकल्पना आणि उद्योजकता केंद्र" आलं. बसलं की माणसाला उठता येत नाही अशा रंगीत पिशव्या आल्या, सात पडदे आले, भिंतीवर "अपयश साजरं करा" आलं. वर्कशॉपमध्ये आठ मिलिमीटरचा एक धड ड्रिल नव्हता, तो मात्र आला नाही. केंद्राचे प्रमुख पडद्यावर चित्र असल्याशिवाय तोंड उघडत नसत, म्हणून त्यांचं नाव पडलं पडदेसर. माणूस गोड बोलणारा. अकरा वर्षं स्वतःचं पंक्चरचं दुकान चालवणाऱ्या शिकाऊ माणसाला त्यांनी "धंदा सुरू करण्याची भीती कशी घालवावी" या वर्गात बसवलं. तो बिचारा दुकान बंद ठेवून तीन दिवस भीती घालवत बसला.

केंद्राच्या दाराशी एक पेटी होती, कल्पनापेटी. कॉलेजातल्या कुणीही आपली कल्पना लिहून टाकावी, केंद्र ती पुढे नेईल. मावशींचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. पण खुंटी एकाच लेथवर होती आणि लेथं सात. बाकीच्या सहांवर ती बसावी, आणि दुसऱ्या कॉलेजांतही बसावी, एवढ्यासाठी त्यांनी दोन रविवार घालवून खुंटीचा नकाशा काढला, मापं टाकली आणि खाली सवयीनं लिहिलं, बिल्ला १. पेटीत कागद टाकला आणि वाट पाहिली.

दोन महिने काही नाही. मग एका सकाळी फाटकावर हा मोठा फलक. "केंद्राची पहिली नवकल्पना: सुरक्षित किल्ली." खाली हाताची घडी घालून उभे असलेले पडदेसर. मावशी चार नंबरच्या लेथवर जाऊन पाहतात तर खुंटीला नारिंगी रंग फासलेला.

मावशींच्या अंगाचा तिळपापड झाला. सोळा वर्षांत कामाच्या वेळी कधी बंद न केलेली खिडकी बंद करून त्या थेट केंद्रात गेल्या. पडदेसर पिशवीत रुतून बसले होते.

"मला खरंच कल्पना नव्हती, मावशी," ते म्हणाले. "कागदावर नावच नव्हतं. बिल्ला एक म्हणजे कुणाचा तरी रोल नंबर वाटला."

"आता कळलं ना? मग आता घाला नाव."

सरांनी समजावलं. वरच्या मंडळाकडे जाणारा अर्ज तयार झालाय. मूळ कल्पना कोणाची, त्या रकान्यात "केंद्रप्रमुख आणि चमू" असं टाकलंय. मावशीही चमूतच आल्या की. नवकल्पनेत मी-माझं नसतं, सगळं आपलं असतं. फलकावर मात्र एकट्या सरांचा फोटो का, याचं उत्तर त्या तत्त्वज्ञानात बसत नसावं. मावशी प्राचार्यांकडे गेल्या. प्राचार्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, वाद कशाला, शेवटी नाव कॉलेजचंच होतंय.

घरी नणंदेनं सगळं ऐकून घेतलं.

"डोकं माझ्या दादाचं फुटलं होतं," ती म्हणाली. "यांच्या चमूचं नाही."

मावशींना तेवढं पुरे होतं. बक्षीस, फोटो, फलक, कशाचीच त्यांना हाव नव्हती. पण त्या रकान्यात दुसऱ्याचं नाव पडून अर्ज वर गेला असता, तर नवऱ्याची नऊ वर्षं आणि आपली सोळा वर्षं पडदेसरांच्या नावावर जमा झाली असती. हे त्या होऊ देणार नव्हत्या. कसं, ते मात्र त्यांना सुचत नव्हतं.

कार्यक्रम वर्कशॉपमध्येच ठेवला होता. जमिनीवर सतरंजी, खुर्च्या, चार नंबरच्या लेथशेजारी पडदा. प्रमुख पाहुण्या एका कारखान्याच्या मालकीण होत्या, तरुणपणी स्वतः लेथवर उभ्या राहिलेल्या. अर्जावर त्यांची सही व्हायची होती आणि त्याच दुपारी तो रवाना व्हायचा होता. मावशींना बोलावणं नव्हतं. त्या आपल्या खिडकीत बसून ऐकत होत्या.

सरांचं भाषण झालं, पडद्यावर चित्रं झाली, मग प्रात्यक्षिक. तेलकट लोखंडी किल्ली फोटोत बरी दिसत नाही म्हणून सरांनी केंद्राच्या थ्रीडी प्रिंटरवर हुबेहूब तशीच प्लॅस्टिकची, नारिंगी किल्ली बनवून घेतली होती. ती त्यांनी ऐटीत खुंटीवर टांगली आणि हिरवं बटण दाबलं.

लेथ ढिम्म.

पुन्हा दाबलं. किल्ली सरळ केली, वायर हलवून पाहिली, पुन्हा दाबलं. पिसासारखी हलकी ती किल्ली, खुंटी तसूभरही खाली आली नव्हती. खिडकीतल्या मावशींना ते तिथूनही दिसत होतं.

पाहुण्यांनी विचारलं, हे चालतं कोणत्या तत्त्वावर? सरांनी सवयीनं पडद्याकडे पाहिलं. पडद्यावर "सुरक्षितता ही संस्कृती आहे" एवढंच होतं.

"तांत्रिक बाजूची मला नेमकी कल्पना नाही," सर म्हणाले.

मागच्या रांगेत पंक्चरवाला फिसकन हसला. सरांनी घाईघाईनं शिपायाला खिडकीकडे पिटाळलं, खरी किल्ली आण म्हणून. शिपाई गेला तसा परत आला.

"बिल्ला मागतात," तो म्हणाला.

सरांकडे बिल्ला नव्हता. दोन वर्षांत त्यांनी कुठलं हत्यारच उचललं नव्हतं. ते काहीतरी चिडून बोलणार, तेवढ्यात पाहुण्या उठल्या. त्यांच्या छातीवर रेशमी फितीचा, "प्रमुख पाहुण्या" लिहिलेला बिल्ला होता. त्यांनी तो काढून शिपायाच्या हातात ठेवला.

"माझा द्या त्यांना. नियम बरोबर आहे."

मावशींनी बिल्ला उलटसुलट करून पाहिला, किल्लीच्या खिळ्यावर लावला आणि किल्ली शिपायाकडे न देता स्वतः घेऊन निघाल्या. प्लॅस्टिकची किल्ली त्यांनी दोन बोटांनी उचलून सरांच्या हातात दिली, लोखंडी टांगली. खुंटी टक्कन खाली आली. हिरवं बटण दाबलं तसं लेथ फिरू लागलं.

"हे कोणी केलं?" पाहुण्यांनी विचारलं.

"मी," मावशी म्हणाल्या. "माझ्या नवऱ्याला किल्ली लागली होती. याच लेथवर."

पाहुण्यांनी टेबलावरचा अर्ज उचलून सरांपुढे केला. मूळ कल्पना कोणाची, तिथलं खोडा आणि यांचं नाव घाला, मग मी सही करते, असं म्हणाल्या. सरांनी खिशातून पेन काढलं. "केंद्रप्रमुख आणि चमू" यावर रेघ मारली, पेन पुढे नेलं आणि थांबले. कान लाल झाले होते.

"मावशी," ते हळूच म्हणाले, "पूर्ण नाव काय तुमचं?"

मावशींनी हात पुढे केला आणि खुंटीवरची किल्ली काढून घेतली. लेथ घरघरत घरघरत बंद पडलं.

कॉलेजात सगळ्या दारांवर नावाच्या पाट्या लागल्या त्या वर्षी ऑफिसनं टूलरूम अडगळीच्या खोल्यांत धरून पाटीविना ठेवली होती. मग मावशींनीच पत्रा कापून, काळा रंग देऊन, पांढऱ्या अक्षरांत आपलं नाव लिहिलं होतं आणि तो चार स्क्रूंनी खिडकीवर बसवला होता. रोज सकाळी त्या पाटी पुसत.

"दोन वर्षं त्या खिडकीवरून जाताय," मावशी म्हणाल्या. "वर पाटी आहे. वाचून या."

सरांनी प्राचार्यांकडे पाहिलं. प्राचार्य घड्याळाला किल्ली देत होते. सरांनी पाहुण्यांकडे पाहिलं, त्या सहीचं पेन उघडून बसल्या होत्या. मग पडदेसर एका हातात अर्ज आणि दुसऱ्या हातात पेन घेऊन खुर्च्यांच्या मधून, सतरंजी संपेपर्यंत आणि पुढे तेलकट फरशीवरून, थेट खिडकीपर्यंत चालत गेले. मान वर करून त्यांनी पाटी वाचली, खिडकीच्या फळीवर कागद ठेवला आणि लिहायला लागले.

पाटीवर तीन शब्द होते. तिन्ही लिहून होईपर्यंत किल्ली मावशींच्या खिशात होती आणि लेथ बंद होतं.