पांढऱ्या गादीवरचा निळा दोरा

वहिनीनं साखरेचं रिकामं पोतं आणलं, गादीच्या कडेला फरशीवर टाकलं आणि पायानंच सरळ केलं.

“हितं बस इथनं पुढं. गादीला लागू नको.”

ऐन लग्नसराई. महाद्वार रोडवरचं साड्यांचं दुकान. आत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पांढरी गादी, तिच्यावर गिऱ्हाइकं, साड्यांचे ढीग, चहाचे कप. वहिनी म्हणजे मालकाची बायको. गल्ला मालकाचा, बाकी सगळं हिचं. माझ्या बरोबरच्या पोरी माना खाली घालून घड्या घालत राहिल्या. एक जण फिस्सकन हसली. मी बसले. पोत्यावर.

का, ते सांगते.

आमच्या दुकानात साडी पुतळ्याला नेसवत नाहीत. आमच्या अंगावर टाकून दाखवतात. मी उंच, अंगानं सडसडीत, म्हणून भारी साड्या माझ्याच खांद्यावर यायच्या. “उभी ऱ्हा गं” म्हटलं की उभं राहायचं, पदर हातावर पसरायचा, वळायचं. बाया माझ्या खांद्यावरचं कापड चिमटीत धरून बघायच्या. कैक वर्षं माझं अंग म्हणजे दुकानाचा हँगर. तेव्हा कुणाला शिवायचं वावडं नव्हतं.

मग हाताला खाज सुटली. कातडीखाली मुंग्या चालल्यागत. खाजवून खाजवून जखमा झाल्या, आणि जखमांतनं दोरे यायला लागले. केसापेक्षा बारीक. पांढरे, काळे, एखादा निळा. ओढला की कळ थेट मस्तकात.

माझं मलाच खरं वाटेना. साडीच्या दुकानातली बाई, दोरे असणारच की! म्हणून एका रविवारी चोळून अंघोळ केली, पांढरं सुती झंपर घातलं आणि खिडकीत उन्हाला बसले. रंगीत कापडाला हात म्हणून लावला नाही. दुपारी बघितलं, तर खपलीच्या कडेला निळा दोरा. उन्हात चमकत होता. तेव्हा जी भीती बसली ती बसलीच. आता उशीवर, कंगव्यात, ताटाच्या कडेला मी तेच बघत असते. आमटीत कोथिंबिरीचा देठ दिसला तरी ताट सारून उठते.

कातडीच्या डॉक्टरकडं गेले. दोरे काड्यापेटीत घालून नेले होते. मी पिशवीत हात घातला तसा डॉक्टर शेजारच्या शिकाऊ डॉक्टरणीला म्हणाला, “आता पेटी निघणार बघ.” आणि पेटी निघाली. दोघं हसली. “असले पेशंट पेटी आणतातच.” पेटी उघडलीसुद्धा नाही. पेनाच्या टोकानं खूण करून बाही वर करायला लावली, खुर्चीतनं लांबूनच बघितलं. “बाई, कापडाचे दोरे आहेत. मनाचा आजार आहे. गोळी देतो.”

खाली जिन्यात बसून रडले. रडता रडता एक गोष्ट टाळक्यात शिरली. ‘आणतातच’ म्हणाला तो. म्हणजे माझ्याआधी कुणी कुणी आलं असणार, असल्याच पेट्या घेऊन. याच पायऱ्यांवर बसलं असणार. कुठं गेली असतील ती माणसं? अजून जिवंत आहेत का? असलं काहीबाही मनात यायचं, दुकानात, बसमध्ये, भाकरी थापताना.

डॉक्टर खोटारडा, असं मी म्हणत नाही. मनाचं असेल. कापडाचं असेल. गोळ्या खाल्ल्या मी. पण न बघता सांगायचं? जखम तर खरी होती. रक्त काय कापडाचं होतं?

मग दुकानात एका गिऱ्हाईक बाईनं माझ्या हातावरची खपली बघितली, गादीवरचा एक निळा दोरा बघितला, आणि “ई! हिच्या अंगातनं झडतंय!” म्हणून उठली. साड्यांच्या दुकानातली गादी. तिच्यावर दिवसभर दोरे पडतात. त्या दिवसापासून सगळे माझेच झाले. दुसऱ्या दिवशी पोतं आलं.

वर वहिनीचं ज्ञान. “तुमच्या लोकांनी देव पाण्यात सोडलं न्हवं, त्याचं हाय हे. अंबाबाईची ओटी भर, बरं वाटंल.”

आम्ही बौद्ध. आज्यानं देव नदीत सोडले ते आईच्या लग्नाच्याही आधी. कोप व्हायला इतकी वर्षं लागली व्हय गं देवीला? वाट चुकली काय? हे सगळं मनात. तोंडानं म्हटलं, “व्हय वहिनी.” भावाचं लग्न ठरलं होतं. पगार सुटून चालणार नव्हतं.

आमचं गाव शिरोळकडं. तिकडनं आईचा फोन आला. “बस्ता तुझ्याच दुकानात बांधू. तू करवली, तुझा मान हाय. पण बाही खाली ठेव. विहिणीला कळलं तर सोयरीक मोडंल.”

लग्नात आमच्यात नवरी पांढरी साडी नेसते. ती साडी नवऱ्याच्या घरनं जाते. आणि आमच्या घरची रीत अशी की बस्त्यात ती साडी पहिल्यांदा उघडायची करवलीनं, नवऱ्याच्या बहिणीनं. एकच भाऊ मला. हा मान पुन्हा येणार नव्हता.

बस्त्याच्या दिवशी लांब बाह्यांचं झंपर घालून मी पोत्यावर बसले होते. आई आली, बरोबर विहीणबाई. गिऱ्हाईक दिसल्याबरोबर वहिनीचा आवाज तुपातला. “या पावणं, वर बसा, वर बसा. चा सांग गं!” विहीणबाई गादीवर बसल्या. आईनं माझ्याकडं बघितलं, मग पोत्याकडं. आणि येऊन माझ्या शेजारी पोत्यावर टेकली.

“अहो मावशी, तुमी वर बसा की,” वहिनी म्हणाली. “गिऱ्हाईक तुमी.”

“असू द्या. शाळंत आमाला असल्याच पोत्यावर बसवायचे. घरनं न्यायला लागायचं. सवय हाय.”

आई असं म्हणाली आणि हसली. वहिनीही हसली. माझं डोकं सणकलं. वहिनीवर नंतर, आधी आईवर. हसतीस कशाला? कशाचं हसू येतंय तुला?

तेवढ्यात एका पोरीनं पांढरी साडी पुढं ठेवली. मी हात पुढं केला. वहिनीनं मनगटावर फटका मारला.

“तू नको. पांढरी हाय.”

“का ओ?” विहीणबाई म्हणाल्या. “करवली न्हवं का ती?”

“तसं न्हवं... तिला जरा कातडीचं हाय.”

आईनं गप्प बस म्हणून माझा हात दाबला. नेमका जखमेवर. डोळ्यांत पाणी आलं. आणि मी उठले. गादीवर चढले. विहीणबाईंच्या समोर मांडी घालून बसले आणि बाही कोपराच्या वर ओढली.

“बघा मावशी. हे असं हाय. ह्यातनं दोरं येत्यात. कुठनं येत्यात मला म्हाईत न्हाय, डाक्टरला म्हाईत न्हाय, ह्या वहिनीला तर न्हायच न्हाय. लपवून लगीन नको.”

मग वहिनीकडं वळले. “ते पोतं उचला. मी त्याच्यावर परत बसणार न्हाय. माझी आई पण न्हाय. कामावरनं काढायचं असंल तर काढा. खरं कारण सांगून काढा. सगळ्यांसमोर, मोठ्यानं.”

मी साडी उघडली. घडी न् घडी उघडली. मला सगळीकडं निळंच दिसत होतं, पण उघडली. विहीणबाई चहा तसाच ठेवून उठल्या. “घरात इचारून सांगतो.” आईला सोडायला मी स्टँडवर गेले. एसटीत चढताना म्हणाली, “भावाचं लगीन मोडलंस तू.”

वहिनीनं मला काढलं नाही. ते कारण मोठ्यानं सांगायला तिला जमलं नसावं. मी जाते, आखूड बाह्यांचं झंपर घालून गादीवर बसते. पोरी जरा सरकून बसतात. खाज आहे. दोरे आहेत. अंघोळ करताना हाताकडं बघायला अजून धीर होत नाही.

काल आईचा फोन आला. सोयरीक मोडली नाही. पण त्यांची अट आहे. करवलीनं नवरीजवळ उभं राहायचं नाही, मांडवात मागं बसायचं. आई रडत होती. “एवढं ऐक. तुझ्या पाया पडतो. एका दिवसाचा तर प्रश्न हाय.”

एका दिवसाचा नाही तो. आईच्या शाळेपासनं चाललाय.

मी सांगितलं, “आई, आले तर नवरीच्या शेजारी उभी ऱ्हाणार, हात उघडा ठेवून. मागं बसायला मी येणार न्हाय. तसं त्यांना कळव, न्हायतर नंबर दे, मी कळवतो.”

आईनं नंबर दिला.