डॉक्टर शिंदे आणि वाळवंटातला दुर्मीळ पक्षी

हसाल तुम्ही, मला माहीत आहे. पण आधी तोंडातला चहा गिळून घ्या, मग सांगतो. असला पोपट माझा आयुष्यात झाला नाही!

गेल्या हिवाळ्यात मी आणि मंजू, म्हणजे आमची सौ., देवासहून थेट राजस्थानच्या वाळवंटात गेलो. कशाला? पक्षी बघायला! हल्ली फॅशनच आहे ही. घरच्या गॅलरीत कबूतर बसलं की झाडूने हाकलायचं, आणि दिवसभर गाडीत हाडं खिळखिळी करून दुर्बिणीतून करकोचे बघायचे. तिथे त्यांना कुरजा म्हणतात. हिमालयापलीकडून थंडीत हजारोंनी उतरतात.

तंबूंचं रिसॉर्ट होतं. मी नाव सांगितलं, "शिंदे. एमपी से."

मॅनेजर ताडकन उभा राहिला. "अरे, डॉक्टर शिंदे साहब! हम तो सुबह से राह देख रहे हैं!"

मी तोंड उघडणार, तोच गळ्यात हार पडला. आता गळ्यात हार पडल्यावर कुणी तोंड उघडतं का? तुम्हीच सांगा! वर सगळ्यात मोठा तंबू मिळाला.

आत शिरताच मंजूने विचारलं, "अहो, डॉक्टर कोण?"

"पक्ष्यांचं कुणी मोठं तज्ज्ञ येणार होतं म्हणे. आपल्याच आडनावाचं."

"मग सांगा ना त्याला! आमच्या माहेरची, धारची माणसं असलं काही करत नाहीत हं."

"सांगतो ना. चहा तर होऊ दे."

चहा झाला. सांगायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच बारा माणसं माझ्यामागे! सगळी खाकी कपड्यांत, जणू करकोच्यांवर छापाच घालायचा होता. आमच्या देवासच्या बोलीत स्वतःलाच म्हटलं, भिया, आता माघार नाही.

तळ्याकाठी कुरजा खडे टिपत होत्या. जुना स्वेटर घातलेल्या एका बाईंनी हळूच विचारलं, "सर, ये कंकड़ क्यों खाते हैं?"

"वजन के लिए!" मी ठोकून दिलं. "हवा में डोलना नहीं चाहिए ना."

बाराच्या बारा जणांनी वहीत लिहून घेतलं. बाईंनीसुद्धा!

मग काय, मी सुटलोच. परतताना कुंपणापाशी एक पक्षी दिसला. करडा, अंगभर पांढरे ठिपके, डोकं टक्कल पडल्यासारखं. बापजन्मात पाहिला नव्हता.

"शूऽ! कोई हिलेगा नहीं! मंगोलिया का है. बहुत दुर्लभ!"

सगळे वाळूत पालथे पडले. कॅमेरे खटाखट वाजू लागले. गाईड बिचारा काही सांगायला आला, तर मी त्यालाही दटावून गप्प केलं. एका साहेबांचे तर डोळे पाणावले.

एवढ्यात रिसॉर्टचा आचारी आला. "लाली! आ, आ, आ!" करत त्याने तो मंगोलियाचा पाहुणा उचलला, काखेत मारला आणि स्वयंपाकघराकडे निघाला. पाळलेली कोंबडी हो! मूळची आफ्रिकेतली, गिनी जातीची!

चोवीस डोळे माझ्यावर.

"तेच तर!" मी म्हणालो. "हमारे पुरखे नहीं पुणे से देवास आए और वहीं के हो गए? वैसी ही है ये!"

त्या स्वेटरवाल्या बाई तोंडावर रुमाल दाबून बाजूला गेल्या. मला खुणेने बोलावलं आणि चक्क मराठीत म्हणाल्या, "शिंदे, डॉक्टर शिंदे मीच."

माझे पाय वाळूत की वाळू पायांत, काही कळेना!

"अहो, मग बोलला का नाहीत?"

"मी आले तेव्हा हार तुमच्या गळ्यात पडला होता, मग मी नुसतं पहिलं नाव सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला कुणी काही विचारत नाहीये. निवांत पक्षी बघतेय. उद्याचं भाषणही तुम्हीच करा की!"

शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. मंजू नुसती बघत होती. ते तर त्याहून वाईट. शेवटी जेवणाच्या वेळी उभा राहिलो आणि सगळ्यांसमोर खरं सांगून टाकलं.

मॅनेजर जवळ आला. म्हटलं, आता हार काढून घेणार.

"तो आप करते क्या हैं?"

"देवास में दुकान है. पंप की जली मोटर बाँधता हूँ, ठीक करता हूँ."

"मोटर?" त्याचा चेहरा असा उजळला, की तसा आदल्या दिवशी डॉक्टर म्हणूनही उजळला नव्हता. "साहब, सुबह से पंप बंद है! पूरे रिसॉर्ट में पानी नहीं!"

मोटरीत रेती शिरली होती. दुपारभर सगळी उघडून साफ करत बसलो. डोक्यावरून कुरजांचे थवेच्या थवे ओरडत चालले होते. मंजू, डॉक्टरबाई, सगळे माना वर करून बघत होते.

आणि मी? पक्षी बघायला वाळवंटात गेलेला मी, कोपरापर्यंत ग्रीसमध्ये, मान खाली घालून!